आमदाराच्या मतात आम्ही

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते दारातून परत पाठवताना.

देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक होती. हिवाळ्याचे दिवस. सेलूच्या आमच्या मुलींच्या शाळेत बायकांचं मतदान ठेवलं होतं आणि मतदारांची यादी घेऊन मी टेबलाशी बसले होते. तेवीस वर्षांची मास्तरीण, वर्ध्यात वाढलेली, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. नियमाच्या बाबतीत माझ्याइतकं पक्कं त्या तालुक्यात दुसरं कुणी नाही, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती.

ती टेबलाशी आली, मी नाव विचारलं. तिनं आपल्या मुलाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "त्याची माय आहो मी."

"तुमचं स्वतःचं नाव सांगा."

"यादीवाला आलता तेव्हा बी हेच सांगतलं."

यादीत ती नव्हती. परक्या पुरुषाला बाईनं आपलं नाव सांगायचं नाही आणि नवऱ्याचं तर तोंडातून काढायचंच नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे यादी करणाऱ्यांपुढे कुणी अमक्याची बायको झाली होती, कुणी तमक्याची माय. वरून हुकूम आला आणि अशा सगळ्या नोंदी खोडल्या गेल्या. मला ते अगदी बरोबर वाटलं होतं. नाव नसलेल्या माणसाचं मत धरायचं कसं? मी तिला तसं समजावून सांगितलं. तिनं वाद घातला नाही. गावची बैलगाडी सगळ्या बायकांना एकदमच परत नेणार होती, म्हणून ती संध्याकाळपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसून राहिली.

तेव्हा चिठ्ठीवर खूण करायची नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र, आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकून मोकळं व्हायचं. पडद्याआडून बाहेर येणाऱ्या बायकांच्या बोटांना कुंकू दिसत होतं, तेव्हाच मला शंका आली होती की आत पेट्यांची पूजा चाललीय. पुढे मतमोजणीला गेलेल्या एका गुरुजींनी सांगितलं की पेट्या उघडल्या तर आत फुलं निघाली, अक्षता निघाल्या, आणि एका पेटीत घडी घातलेला अर्ज निघाला, की आमच्या मोहल्ल्यात विहीर द्यावी. आम्ही शिक्षकमंडळी पोट धरून हसलो. हा किस्सा नंतर मी किती जणांना रंगवून सांगितला असेल, त्याची गणती नाही. प्रौढ बायकांच्या वर्गातही सांगितला. तो सांगायला नको होता.

हा वर्ग म्हणजे सरकारची योजना. थोडी अक्षरओळख, थोडं सामान्य ज्ञान. मी तो बाजाराच्या दिवशी दुपारी घ्यायची, म्हणजे आसपासच्या खेड्यांतल्या बायकाही बाजार आटोपून येऊन बसत. बसत म्हणजे सावलीला बसत, खरं सांगायचं तर. टोपल्या भिंतीशी लावायच्या, पाय लांब करायचे आणि मास्तरीण काय बडबडते ते ऐकायचं. एप्रिल महिन्यात मी त्यांच्यापुढे राष्ट्रपतीची निवडणूक घेतली, कारण मे महिन्याच्या सुरुवातीला ती व्हायची होती आणि मला स्वतःला ती पद्धत फार आवडली होती. दोन दिवस बसून मी ती वहीत उतरवून काढली होती.

"आपला आमदार आपण निवडला," मी म्हणाले. "आता सगळ्या राज्यांचे आमदार आणि दिल्लीचे खासदार मिळून राष्ट्रपती निवडणार."

"म्हंजे आपुन नाई?" पुढे बसलेल्या एकीनं विचारलं.

"आपणच. पण त्यांच्या हातून."

"सोयरिकीले मध्यस्थ पाठोतो तसं," दुसरी म्हणाली. "पोरगा पाहाचा त्यानं, अन् नांदाचं आपल्या पोरीनं."

सगळ्या हसल्या. मलाही ते उदाहरण आवडलं आणि मला जोर चढला. फळ्यावर मताचं वजन काढलं. राज्याची लोकसंख्या मांडायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, जे येईल त्याला पुन्हा हजारानं भागायचं, की झालं एका आमदाराच्या मताचं वजन. ज्याच्यामागे माणसं जास्त, त्याचं मत जड. मग देशभरच्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि तेवढंच वजन खासदारांत सारखं वाटून द्यायचं, म्हणजे दोन्ही पारडी बरोबर. शिवाय तिथे एकालाच मत देऊन सुटका नाही. पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण, असे पसंतीचे आकडे लिहायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त वजन मिळालं नाही, तर शेवटच्या उमेदवाराला काढून टाकायचं आणि त्याची मतं ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे सरकवायची.

"एकानं नकार देल्ला तं दुसऱ्या घरी," ती मध्यस्थवाली म्हणाली.

"आकडे नीट लिहायचे," मी सांगितलं. "दुसरं एक अक्षर जरी लिहिलं तरी मत बाद. आणि कुणी कुणाला दिलं ते कुणाला कळत नाही. पेटीला मोहोर लावून ती दिल्लीला जाते, मोजणी तिथे."

"अन् ते लोकसंख्या म्हंजे मत देनारेच ना?"

"नाही नाही. सगळी माणसं. पाळण्यातलं मूलसुद्धा. खानेसुमारीत ज्याला मोजलं तो प्रत्येक जण त्यात आला."

मागून, भिंतीपाशी बसलेल्या बाईनं विचारलं, "जेलातलं बी?"

इतका नेमका प्रश्न त्या वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. मी खूश झाले. "जेलातलंसुद्धा," मी म्हणाले, आणि मग पाहिलं तर ती होती, दारातून परत पाठवलेली.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. आमच्यात बोलणं झालं ते ओट्यावर उभ्याउभ्याच. तिचा एकुलता एक मुलगा नागपूरच्या जेलात होता आणि त्याला फाशीची शिक्षा झालेली होती. शेताच्या धुऱ्यावरून भावकीतल्या एकाशी भांडण झालं, बांध दोन हात सरकला की नाही यावरून, आणि त्यानं कुऱ्हाड घातली. माणूस जागच्या जागी गेला.

"त्यानं केलं," ती म्हणाली. "मी नाई म्हनत नाई. पन त्याले जलमभर कोंडून ठेवा म्हना. मले पंधरा दिवसाले दिसला म्हंजे झालं."

वर्ध्याच्या एका वकिलानं दयेचा अर्ज लिहून दिला होता. राज्यपालांकडून तो नामंजूर होऊन आला होता आणि आता दुसरा अर्ज राष्ट्रपतींकडे गेलेला होता. कचेरीत कुणीतरी तिला सांगितलं होतं की राष्ट्रपतीचंच इलेक्शन आहे, कागद तिथेच पडून असेल. त्यावरून तिनं एक ठरवून टाकलं होतं. राष्ट्रपती अजून निवडायचा आहे, आणि जो निवडून येईल तो ज्यांच्या मतानं आला त्यांचं आधी ऐकेल. सरपंचाचं तसंच असतं, पाटलाचं तसंच असतं, मग याचं वेगळं का असावं? तिची अडचण एकच होती, की तिनं मत दिलंच नव्हतं. मी देऊ दिलं नव्हतं.

"आता तुमी म्हनता, मी त्याच्यात आहो. माया पोरगा बी आहे."

"आहात. पण हजारानं भागून," मी म्हणाले. आजही हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"भागा ना बाई. भागल्यावर बी आहो ना?"

"आहात."

 मग तिनं विचारलं, ती पेटी दिल्लीलाच जाते ना. मी हो म्हणाले. "मंग त्या पेटीत आपला कागद टाकला तं? त्या विहिरीवाल्यायनं टाकलता. तुमीच सांगतलं. त्यायले विहीर भेटली म्हंते."

त्यांना विहीर मिळाली की नाही, मला ठाऊक नव्हतं. तो अर्ज कुणी वाचला असेल, असंही वाटत नव्हतं. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. पेटी मतांची असते, जास्तीचा कागद निघाला तर तो फेकून देतात, आमदाराला आत एकट्यानं मत द्यायचं असतं, आणि पेटी दिल्लीला गेली तरी ती राष्ट्रपतींच्या घरी जात नाही. तिनं प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि शेवटी विचारलं, "पन टाकता येते ना?"

इथे मी हार मानली. कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. शिवाय माझ्या डोक्यात एक वेगळा, शहाणपणाचा विचार आला होता. आमदाराची शिफारस असलेलं पत्र दिल्लीला पाठवलं तर त्याचा काही उपयोग होऊ शकेल. नागपूर तेव्हा आमच्या राज्याची राजधानी, त्यामुळे आमचे आमदार मतदानाला तिथे असेंब्लीत येणारच होते. ते भले गृहस्थ होते, शाळेच्या कार्यक्रमाला आले होते, मला ओळखत होते. तेव्हा तिला पेटीचं काय वाटायचं ते वाटू दे, आपण सही घेऊ. मी म्हणाले, "चला, मी येते तुमच्याबरोबर नागपूरला."

जेलातल्या भेटीचा तिचा दिवसही नेमका तोच निघाला. तिच्या हातात तसा कागद होता. सकाळपासून दुपारी बारापर्यंत केव्हाही. एका फेरीत दोन कामं, म्हणून आम्हाला दोघींनाही बरंच वाटलं.

सेलू रोड स्टेशनवरून आम्ही पॅसेंजरनं निघालो. तिनं मुलासाठी पुडीत फुटाणे आणि गूळ बांधून घेतला होता. मागच्या भेटीत शिपायानं तो आत जाऊ दिला होता, असं तिनं मला दोनदा सांगितलं. गाडीत तिनं माझ्याकडून राष्ट्रपतीची निवडणूक पुन्हा एकदा ऐकून घेतली आणि या वेळी मला मध्येच थांबवून पुढची पायरी तीच सांगत गेली. आधी आपण, मग आमदार, मग पेटी, मग दिल्ली. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं इतकं पाठ केलं नव्हतं.

आमदारांना आत जाण्याआधी गाठायचं, मग जेल, असं ठरवून असेंब्लीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पोलिसांनी आम्हाला रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली उभं केलं. थोड्या वेळानं आमदार टांग्यातून उतरले आणि मी हाक मारली. ते थांबले, पूर्ण ऐकून घेतलं, चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, "आधी मत देऊन येतो. मग निवांत बसून लिहितो, सही करतो. जाऊ नका कुठे."

तेवढ्यात तिनं कमरेच्या ओच्यातून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. अर्जाची नक्कल होती ती, वकिलाकडून आणलेली. "हे बी टाकजा, बापू," ती म्हणाली. त्यांना वाटलं हाच सहीचा कागद. खिशात ठेवून ते आत गेले.

अकरा वाजले. आमदार येत होते, जात होते, आमचे दिसत नव्हते. फाटकावरच्या पोलिसाला विचारलं तर तो म्हणाला, आत रांग आहे. सव्वाअकराला ती पहिल्यांदा अस्वस्थ झाली. सूर्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे. जेल वर्धा रोडला, टांग्यानं अर्धा तास सहज लागणार.

"बाई, बारालेच बंद करते भेट," ती म्हणाली. "कुठी जाऊ? तुमी सांगा."

माझ्याकडे तेव्हा विचार करायला वेळ होता. घाईत बोलून गेले, असं मला म्हणता येणार नाही. मी हिशेब केला की आमदार आता केव्हाही बाहेर येतील. आपण गेलो आणि ते निघून गेले तर जेवायला कुणाच्या घरी जातील पत्ता लागायचा नाही, उद्या कुठे असतील सांगता येणार नाही, आणि पत्र राहून जाईल. जीव वाचला तर भेटी काय, कितीही होतील. हे सगळं बरोबर होतं. मला अजूनही त्यात चूक काढता येत नाही.

मी म्हणाले, "थांबा. भेट पंधरा दिवसांनी पुन्हा आहे. हे मत पाच वर्षांनी एकदा असतं."

ती लगेच थांबली. मास्तरीणबाईनं सांगितलं म्हटल्यावर तिच्या मनात काही उरलंच नाही. झाडाच्या बुंध्याशी बसली, पुडी मांडीवर ठेवली आणि फाटकाकडे बघत राहिली. बारा वाजले तेव्हा मी घड्याळ पाहिलं, तिनं नाही पाहिलं.

आमदार आले ते एक वाजून गेल्यावर, तीन-चार जणांबरोबर हसत बोलत. आम्ही अजून उभ्या आहोत हे पाहून ते ओशाळले. टांग्याच्या पायरीवर बसून त्यांनी मी लिहून आणलेल्या पत्राखाली स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या, चांगल्या लिहिल्या, की म्हातारीला दुसरा आधार नाही आणि मुलाचं वय लहान आहे. सही केली. मी ते पत्र जपून ठेवलं आणि मला हायसं वाटलं.

ती मात्र पत्राकडे पाहतसुद्धा नव्हती. तिनं विचारलं, "टाकला का, बापू?"

ते तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं. त्यांनी खिशात हात घातला तेव्हा त्यांना उलगडा झाला असावा. म्हणाले, "टाकला, माय."

ती वाकून त्यांच्या पाया पडली. ती वाकलेली असताना त्यांनी तो घडी केलेला कागद तिच्या डोक्यावरून माझ्या हातात दिला आणि मी तो पर्समध्ये टाकला. एकमेकांकडे आम्ही पाहिलं नाही. आम्ही दोघं शिकलेली माणसं होतो आणि तिला फसवत होतो, आणि त्याशिवाय काय करायला हवं होतं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

तरी आम्ही जेलपर्यंत गेलो. भेटीची वेळ संपली होती. शिपाई बरा होता, त्यानं वही उघडून पुढची तारीख सांगितली आणि उन्हात थांबू नका म्हणाला. मला वाटलं आता ही रडेल. पण तिनं त्याला हसून सांगितलं, "त्याले सांगजा, कागद पेटीत गेला म्हना. मायनं सोता पाहिलं."

"सांगतो," शिपाई म्हणाला.

परतीच्या गाडीत ती जशी होती तशी मी तिला आधी किंवा नंतर कधी पाहिली नाही. बाकावरच्या अनोळखी बायकांशी बोलली. आपण कुठे गेलो होतो ते सांगितलं, आमदाराचं मत म्हणजे कसं सगळ्या माणसांचं मिळून असतं ते सांगितलं, तान्ह्या पोरांचं, जेलातल्यांचं. पुडी सोडून फुटाणे डब्यात वाटले. मला पण दिले. मला तिच्या त्या आनंदाची चीड येत होती, आणि चीड येते म्हणून लाज वाटत होती. दोन-तीनदा सांगून टाकावं असं मनात आलं. सांगून काय साधणार होतं, तेही कळत नव्हतं. बुटीबोरी गेलं, सिंदी गेलं, मी खिडकीबाहेर बघत बसले.

शिफारसपत्र मी दुसऱ्या दिवशी स्वतः रजिस्टर केलं. पोचही आली.

निकाल लागला तो मी वाचनालयात वर्तमानपत्रात वाचला. पुढच्या बाजाराला ती आली आणि दारातूनच विचारलं, "आपला आला का?"

"आपला कोण?"

"आपल्या आमदारानं ज्याले देल्लं थो."

मत गुप्त असतं हे मी तिला चारदा शिकवलं होतं, पण आमदारांचा पक्ष कोणता आणि त्या पक्षाचं मत कुणाला, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. "आला," मी म्हणाले. "भरपूर मतांनी आला."

ती बाजारात परत गेली आणि गूळ घेऊन आली. वर्गातल्या प्रत्येक बाईच्या हातावर तिनं खडा ठेवला. "मायं मत लागलं," असं म्हणत होती. बायकांना काय ते पुरतं कळलं नसावं, पण कुणी काही विचारलं नाही. मध्यस्थवालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी गूळ तोंडात टाकला आणि फळा पुसायला वळले.

त्यानंतर सुट्टी लागली आणि मी वर्ध्याला घरी गेले. जाताना तिला म्हणाले, पुढच्या भेटीला मात्र चुकू नका. "नाई चुकत," ती म्हणाली. पुढची भेट यायला तेव्हा पाच-सहा दिवस होते.

पुढे काय झालं ते मला जून महिन्यात शाळा उघडल्यावर कळलं, शाळेत पाणी भरणाऱ्या बाईकडून. राष्ट्रपतींकडचा अर्ज नामंजूर झाला होता. फाशीची तारीख कळवणारं आणि शेवटच्या भेटीला या असं सांगणारं पत्र जेलातून वेळेवर निघालं होतं, सेलूच्या टपालातही वेळेवर आलं होतं. पण तिच्या गावाला पोस्टमन रोज जात नसे. बाजाराच्या दिवशी त्या गावचं कुणी दिसलं की त्याच्या हातात गावचं सगळं टपाल द्यायचं, ही वर्षानुवर्षांची पद्धत होती आणि त्यात कधी कुणाचं बिघडलं नव्हतं. हे पत्र बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आलं. ते आठवडाभर तिथे राहिलं. ओळख झाल्यापासून तिची पत्रं मीच वाचून दाखवायची आणि टपालात चौकशीही मीच करायची. मी वर्ध्याला आंबे खात होते. पुढच्या बाजाराला पत्र गावात गेलं, तिथल्या एका शिकलेल्या मुलानं ते वाचलं, आणि त्यातली तारीख उलटून दोन दिवस झाले होते. भेटीचा तिचा ठरलेला दिवस त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी होता. त्या दिवशी ती जेलाच्या फाटकावर पोहोचली होती, पुडी घेऊन. पत्र घरी येण्याआधीच तिला फाटकावर कळलं होतं.

मी त्याच रविवारी तिच्या गावाला गेले. सेलूपासून दीड कोस, पायी. वाटेत काय बोलायचं ते जुळवत गेले, आणि माझं मलाच ऐकवेना म्हणून ते सोडून दिलं. पेरणीचे दिवस तोंडावर होते. ती अंगणात बसून सरकी शेणात घोळत होती. दुसऱ्याच्या शेतासाठी, रोजीनं. मला पाहून तिनं हात धुतले, पाट आणून ठेवला, पाणी दिलं.

बराच वेळ आम्ही पावसाबद्दल बोललो. मग तिनं सरकीचा ओलावा बघता बघता विचारलं, "बाई, तुमी जसं सांगतलं तसंच झालं ना समदं? आधी आमदार. मंग पेटी. मंग दिल्ली."

"हो."

"आपला निवडून बी आला."

"आला."

"मंग?"

 कायद्याचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. निवडणं ही एक गोष्ट आणि दया ही दुसरी, एकीचा दुसरीशी संबंध नसतो, नसावा, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले असते. तिच्या अंगणात ते बोलता येत नव्हतं. दिल्लीतल्या माणसावर मला राग धरता येत नव्हता, आमदारावर नाही, जेलातल्या शिपायावर नाही, पोस्टावर नाही. मेलेल्या माणसाच्या घरीही एक आई असेलच, हेही मला माहीत होतं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं. मीसुद्धा.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत दोष द्यायचं काही नव्हतं. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. "मले एवढंच सांगा," ती म्हणाली, "मायं काही कराचं राह्यलं तं नाई?"

"नाही, माय," मी म्हणाले. "तुम्ही सगळं केलं. काहीच राहिलं नाही."

तिनं मान हलवली. पुन्हा सरकीत हात घातला, दोनतीनदा घोळली, गोळे फोडले. मला वाटलं, पटलं.

मग ती हळूच म्हणाली, "भेट राह्यली ना, बाई."